पिवळ्या पिंपातली मिशी

दुसऱ्याची चड्डी घालून मी जर्मनीत काही वर्षं पोट भरलं. हे मी मुद्दाम पहिल्याच वाक्यात सांगून टाकतो. नाहीतर लोक विचारतात, "जर्मनीत इंजिनिअर होतास म्हणे?" आणि त्यांच्या डोळ्यांसमोर झिंडेलफिंगेनच्या कारखान्यातून चकचकीत गाड्या बाहेर सोडणारा, गळ्यात ओळखपत्र लटकवलेला कुणीतरी उभा राहतो. तसले मित्र होते मला. रविवारी भेटले की ते इंजिनांबद्दल बोलायचे आणि मी घाणीबद्दल. मी तोंड उघडलं की त्यांच्या बायका मला घाईघाईने जेवायला वाढायच्या, तोंड दुसऱ्या कामाला लागावं म्हणून.

तर घाण. डार्मश्टाटला शिकलो, तिथेच संसार थाटला आणि नोकरी लागली ती तासाभराच्या अंतरावरच्या एका बंद कारखान्यात. तिथे पूर्वी युरेनियम कसदार करायचे, म्हणजे अणुभट्टीच्या तोंडी देण्याजोगं बनवायचे. कारखाना बंद पडला, मालक बदलले, आणि आमच्या कंपनीला काम मिळालं की हे सगळं इतकं स्वच्छ करा की उद्या इथे गवत उगवलं तर गाईने निर्धास्त खावं. भिंती खरवडायच्या, जमीन उकरायची, खालचे पाइप कापायचे, आणि निघेल ते पिवळ्या पिंपांत भरून झाकण ठोकायचं. पिंपं मग दुसरीकडे जायची. दुसरीकडे म्हणजे कुठे, हे विचारलं की सगळे खिडकीबाहेर बघायचे.

आत जायचं म्हणजे आधी कपडे काढायचे. सगळे. आतला सगळा भाग म्हणजे 'कॉन्ट्रोलबेराइश', म्हणजे पहाऱ्यातला भाग, आणि त्यात आपल्या घरचा एक धागा न्यायचा नाही. मग कंपनीची चड्डी, कंपनीचा बनियन, कंपनीचे मोजे. चड्डीचा रंग नारिंगी. ती रोज धुतलेली असायची, याबद्दल माझी तक्रार नाही. पण धुऊन डाग जातात, इतिहास जात नाही. तिचं इलास्टिक माझ्या आधीच्या कुठल्या तरी अगडबंब माणसाने स्वतःच्या मापाने घडवलेलं असायचं. मी ती घातली की ती माझ्याभोवती नुसती उभी राहायची, लग्नाच्या मांडवासारखी, आणि मी आत एकटा वरबाप. पहिल्या दिवशी मी ती घालून इतका वेळ डोळे मिटून उभा होतो की शेजारच्याला वाटलं मी प्रार्थना करतोय.

शेजारचा म्हणजे ओपा. ओपा म्हणजे आजोबा. हा गडी कारखाना चालू असताना तिथे कामाला होता आणि आता तोच कारखाना मोडायला परत आला होता. त्याला कशाचीही किळस नव्हती. सकाळच्या सुट्टीत तो पावावर कच्च्या डुकराचा खिमा थापायचा, हो, कच्च्या, वर कांदा भुरभुरायचा आणि मला म्हणायचा, "खा, ताजा आहे." मी म्हणायचो, "ओपा, तो अजून ओरडतोय." ओपा हसायचा आणि खिम्याचा एक कण त्याच्या हनुवटीवरून माझ्या कॉफीच्या दिशेने निघायचा. मी जर्मनीत कॉफी सोडली ती तेव्हा.

आणि तो पाइपांतला गाळ! हॉलच्या जमिनीखाली गटारं होती. कापली की आतून पिवळा लगदा निघायचा, साय धरलेल्या शिळ्या पिठल्यासारखा. तोच रंग, तीच लवथव. त्याआधी पिठलं म्हटलं की मी अर्धा किलोमीटर पळत येई. त्यानंतर बायकोने एकदा हौसेने केलं, तर मी उठून बाल्कनीत गेलो आणि ते मोरीत ओतल्याचा आवाज आल्याशिवाय आत आलो नाही. पण खरी किळस वेगळीच होती. त्या गाळाला वास नव्हता. आपली घाण कशी, दुरून हाक मारते, माणूस नाकाला रुमाल लावतो, बाजूने जातो. तिच्यात एक सभ्यपणा असतो. ही घाण गप्प बसून राहायची, पाहुणा बनून चोरी करायला आलेल्या नातेवाइकासारखी. आणि मास्कमध्ये वास यायचा तो फक्त रबराचा आणि स्वतःचा. दिवसभर स्वतःलाच हुंगत बसायचं. मी सांगतो, माणसाला स्वतःबद्दलचा गैरसमज घालवायचा असेल तर त्याला आठवडाभर त्या मास्कात ठेवावं.

आता मिशीकडे येतो.

माझी मिशी त्या वेळी अशी होती की डार्मश्टाटच्या ट्राममध्ये आधी ती चढायची, मग मी. तिकीट तपासणारा दोन तिकिटं मागायचा. मास्क तिच्यावरून बसावा म्हणून मी टोकं आत दुमडून घ्यायचो आणि दिवस संपला की बाहेर काढून पीळ भरायचो. ती आमच्या घराण्याची होती. वडिलांची तशीच, आजोबांची तशीच. गावात कुणी पत्ता विचारला तर लोक म्हणायचे, "त्या मिशीवाल्यांच्या गल्लीत जा."

डोक्यावर केसही होते, पण त्यांना गळती लागली होती. जर्मनीतल्या आपल्या सगळ्या लोकांचं एका बाबतीत एकमत असतं: इथल्या पाण्यात काल्क, म्हणजे चुना, त्याने केस जातात. देव, धर्म, क्रिकेट, कशावर एकमत नाही, चुन्यावर आहे. आईला फोनवर हे कळल्यापासून तिने एकच धोशा लावला होता, "मी येतेय तर डोक्याला तेल लावून ठेव. झाडू झालेलं डोकं घेऊन माझ्यासमोर उभा राहू नकोस."

कारण आई-बाबा येणार होते. पहिल्यांदाच. बाबांना आणणं हे कारखाना साफ करण्याहून अवघड काम होतं. त्यांची बायपास झालेली, आणि त्यांच्या मनाने घेतलेलं की परक्या मुलखात पाय ठेवला की आपण तिकडेच आटोपणार. दर फोनला काहीतरी नवीन शंका.

"तिकडे कावळे आहेत का रे?"

"आहेत बाबा."

"पिंडाला शिवतात?"

"बाबा, जर्मन आहेत. रांगेत उभे राहून शिवतील."

"थट्टा नको. मी तुझ्या भरवशावर येतोय. मला तिकडे काही व्हायला नको."

वर्षभर समजावल्यावर तयार झाले. तेही बायकोने सांगितलं म्हणून. सुनेने "बाबा, तुम्ही आल्याशिवाय मी बाल्कनीत तुळस लावणार नाही" असं म्हटल्यावर त्यांचा नाइलाज झाला.

ते उतरायचे त्या दिवशी मी सकाळी खोबरेल तेलाची बाटली हीटरवर ठेवली. युरो येऊन फार दिवस झाले नव्हते आणि त्या वर्षी उन्हाळा असा पडला होता की चिमण्या कारंज्यावर नंबर लावून बसायच्या, पण आमच्या तळघरातल्या फडताळात तरी तेलाचा दगड झालेला. हीटर अर्थातच बंद होता. मग बाटली काखेत धरून वितळवली. (हे आईला सांगितलेलं नाही.) डोक्याला चोपडलं, उरलेलं मिशीला. वाया कशाला घालवायचं? दुपारी कामावरून सुटायचं, तसंच फ्रँकफर्टच्या विमानतळावर जायचं, बायको डार्मश्टाटहून परस्पर येणार, असा बेत.

काम संपलं. बाहेर पडायच्या आधी एका खोलीत वरचे कपडे उतरवायचे असतात. त्याचा क्रम ठरलेला: हे आधी, ते मग, आणि हातमोजे कधी, हे तर भिंतीवर चित्रासकट. मी मास्क उतरवला, मिशीची टोकं मोकळी केली. ओपा समोर बसून बूट काढत होता.

"आज बाप येतोय ना तुझा?" तो म्हणाला. "कसा आहे? तुझ्यासारखाच?"

आता मला सांगा, बापाबद्दल कुणी असं विचारलं तर आपला माणूस काय करतो? छाती फुगवतो आणि मिशीवर हात नेतो. मी नेला. "माझा बाप?" म्हणत एक पीळ इकडून भरला, एक तिकडून. मग डोक्यावरून मागे हात फिरवला, तेल लावलेल्या डोक्यावरून फिरवतात तसा, ऐटीत.

ओपाचा चेहरा पडला. मी हाताकडे बघितलं. हातमोजा.

बाहेर पडायच्या दाराशी एक यंत्र होतं. त्याच्यात उभं राहायचं, ते सगळीकडून माणसाला चाचपतं आणि बाईच्या आवाजात बोलतं. रोज म्हणायचं की काही नाही, जा. त्या दिवशी ते असं किंचाळलं की बाहेरच्या झाडावरची पाखरं उडाली. पडद्यावर माणसाचं चित्र, आणि त्याचं डोकं लालभडक. मिशीच्या जागी तर नुसता होळीचा जाळ.

मग आली शेफिन. शेफिन म्हणजे वरिष्ठ बाई, किरणांपासून आम्हाला वाचवायचं काम तिचं. खांद्याने रुंद, मनाने त्याहून रुंद, पण नियमाने सुईच्या नेढ्यासारखी. तिने माझ्या डोक्याजवळ एक मापक नेला. तो कटकटायला लागला. तिने दुसऱ्या हाताने डोक्याला बोट लावलं, बोटाकडे बघितलं.

"हे काय आहे?"

"तेल."

"कशाचं?"

"नारळाचं."

"का?"

या 'का'ला जर्मन भाषेत उत्तर नाही. मी म्हणालो, "आई येतेय."

"आल्झो," ती म्हणाली, म्हणजे 'बरं तर मग', आणि मला मोरीत नेलं. तिथे तिने माझं डोकं असं घासलं की पाचवीला जाईपर्यंत आईने घातलेल्या सगळ्या आंघोळी त्यापुढे नुसती शिंपडणी वाटाव्यात. कोमट पाणी, साबण, मऊ ब्रश. पुन्हा यंत्र. पुन्हा किंकाळी. तेलाने धूळ सोडली नव्हती, उलट तिला घेऊन सहलीला निघालं होतं. आधी टाळूवर होतं ते आता कानांपर्यंत आलं. पुन्हा घासलं. आता मानेवर. त्यात तो फेस ओठांवरून ओघळायचा आणि ती ओरडायची, "तोंड बंद! चाटू नको!" चाटू नको! मी काय ते श्रीखंड समजून बसलो होतो? माझ्याच मिशीची मला अशी शिसारी आली की वाटलं, ती माझ्या नाकाखाली बसलेलं कुणाचं तरी मेलेलं जनावर आहे.

शेफिनने घड्याळाकडे बघितलं, मग कपाटातून केस कापायचं मशीन काढलं.

"नाही," मी म्हणालो. "बाकी काहीही करा. हे नाही."

"का?"

"आमच्याकडे डोकं आणि मिशी एकदम उतरवतात ते बाप मेल्यावर."

ती एकदम थबकली. मशीन खाली ठेवलं. दारात उभ्या ओपाने डोक्यावरची टोपी काढली. "तुझे वडील वारले?" ती हळू आवाजात म्हणाली. "मला फार वाईट वाटतं."

"नाही हो, वारले नाहीत. विमानात आहेत."

"मग?"

"उतरल्यावर वारतील. मला असा बघून."

तिने थोडा वेळ विचार केला. खरोखर केला, मी तिला दोष देत नाही. "त्यांना आधी फोन करून सांग."

"विमानात?"

"गेनाऊ," ती म्हणाली, म्हणजे 'बरोबर आहे तुझं', आणि उसासा टाकला. "हे बघ, वडिलांसाठी वेगळा नियम नाही. असा तू त्यांना मिठी मारलीस तर ही धूळ त्यांच्या अंगाला लागेल. आईच्या हाताला लागेल. ती तुझ्या डोक्यावरून हात फिरवणार ना?"

फिरवणार होती. तेवढ्यासाठीच तर तेल होतं.

मी मान खाली घातली. तो आवाज मी विसरणार नाही: घर्रर्र, आणि मांडीवर ओल्या, तेलकट केसांचे पुंजके. मिशी सगळ्यात शेवटी. दोन फटकाऱ्यांत तीन पिढ्या. आरशात बघितलं तर एक सोललेला बटाटा माझ्याकडे बघत होता. आणि मग किळसेचा खरा सोहळा सुरू झाला. केस पिशवीत गेले. केसांना लागलेला टॉवेल पिशवीत. ब्रश पिशवीत. शेफिनचे हातमोजे पिशवीत. केस कापायचं मशीन, चांगलं चालू, नवंकोरं, तेही पिशवीत. नारिंगी चड्डीही गेली, आणि तिच्यासाठी मला पहिल्यांदाच वाईट वाटलं. पिशवीला सील, पिशवी पिवळ्या पिंपात, पिंपावर झाकण. एका माणसाला स्वच्छ करायला पोतंभर घाण तयार झाली होती. तेव्हा मला आमचा सगळा धंदा कळला. आम्ही घाण काढत नव्हतो, घाणीला पोरं होत होती, आणि आम्ही त्यांना पिंपांत घालून बारसं करत होतो.

यंत्र म्हणालं, काही नाही, जा.

बाहेर ओपाने आपल्या कपाटातून एक लोकरीची टोपी काढून माझ्या हातात कोंबली. त्याच्या आवडत्या फुटबॉल संघाची. त्या उन्हात लोकर! आणि वास? सिगारेट, घाम आणि आमच्या हेसे प्रांतातलं ते प्रसिद्ध चीज, जे उघडलं की शेजारी घर बदलतात. मी डोळे मिटले आणि घातली. चड्डीपासून सुरुवात केलेला माणूस टोपीला काय नाही म्हणणार.

विमानतळावर बायकोने मला आधी ओळखलं नाही. मग ओळखलं आणि तोंडावर हात ठेवला. सगळं ऐकून घेतलं. रडेल असं वाटलं होतं, पण तिने पर्स उघडली.

"इकडे तोंड कर."

"काय करतेस?"

"मिशी. हलू नकोस."

भुवया रंगवायची पेन्सिल होती. लोकांचा लोंढा बाजूने जात होता आणि माझी बायको खांबाआड माझ्या ओठावर मिशी काढत होती. तिची चित्रकला बेताची. एक बाजू बाबांच्या घराण्याची आली, दुसरी उंदराची. "घरी जाईपर्यंत चालेल," ती म्हणाली. "तिथे औषधाची गोळी देऊ, पाणी देऊ, मग हळूच सांगू. तोवर टोपी काढायची नाही."

दार उघडलं. बाबा चाकाच्या खुर्चीत, कारण ती फुकट मिळते असं त्यांना कुणीतरी सांगितलेलं, आणि मागे आई, हातात लोणच्याची पिशवी कवटाळून. बाबांची मिशी लांबूनच दिसली. आडवी, पांढरी, ताठ. माझी तेव्हा घामाने हनुवटीकडे निघाली होती.

"अगंबाई!" आई लांबूनच ओरडली. "या उकाड्यात टोपी? ताप आहे का तुला?" आणि मी "आई, नको—" म्हणेपर्यंत तिने कपाळाला हात लावायला टोपी उचलली.

आईने माझ्या डोक्याकडे बघितलं. ओठाखाली ओघळलेल्या काळ्या रेघेकडे बघितलं. मग गर्रकन वळून तिने बाबांच्या दंडाला कचकून चिमटा काढला.

"आई गं!" बाबा ओरडले.

"आहेत," आई म्हणाली आणि मटकन सामानाच्या गाडीवर बसली.

बाबा माझ्याकडे बघत होते. रंग उडालेला. एक हात छातीवर. बायकोने गोळीची डबी काढलेली. मी गुडघ्यावर बसून भडाभडा सांगत सुटलो: तेल, हातमोजा, यंत्र, शेफिन. "बाबा, तुमच्यासाठीच मिशीवर हात नेला हो. तुमची फुशारकी सांगत होतो."

बाबांनी हात पुढे केला आणि माझ्या डोक्यावरून फिरवला. पुढून मागे, सावकाश.

"शेंडी ठेवली नाही त्या बाईने," ते म्हणाले.

"तिला माहीत नव्हतं."

"दहावा-तेरावा उरकलास का?"

"बाबा!"

"नाही, विचारतो. मला आमंत्रण नव्हतं." मग त्यांच्या मिशीखाली काहीतरी हललं. "अरे गाढवा, जिवंत माणसाची मेल्याची खबर उठली की त्याचं आयुष्य वाढतं, ठाऊक नाही का? माझा तर नुसता बोभाटा नाही, पोराने डोकंसुद्धा उतरवलं. आता मला काय होतंय? चला, त्या सुनेची तुळस कुठे आहे ती दाखवा." आणि ते खुर्चीतून उठून स्वतःच्या पायांनी चालायला लागले. खुर्ची ढकलणारा त्यांच्या मागे रिकामी खुर्ची घेऊन धावत होता. बाबा दोन महिने राहिले आणि जर्मनीत असे हिंडले की पोस्टमनला धाप लागावी.

त्या दिवशी डार्मश्टाटच्या गाडीत मात्र ते माझ्या डोक्याकडेच बघत होते. मग म्हणाले, "केस कुठे टाकले?"

मी सांगितलं. पिशवी, सील, पिंप. आधी एका गोदामात, मग कधीतरी जमिनीत खूप खोल.

"नदीत सोडायचे."

"त्या केसांना नदी नाही चालत बाबा."

"मग कुजणार कधी?"

"कुजू नयेत म्हणूनच तर सगळं चाललंय."

बाबांनी माझ्याकडे असं बघितलं जसं मी त्यांच्या ताटात काहीतरी टाकलंय. "न कुजणारी घाण," ते म्हणाले, आणि जागेवरच थोडे खिडकीकडे सरकले. "शी."

मिशी पुन्हा उगवली. पहिल्यासारखी नाही, जरा भिऊन भिऊन. मी तिला पीळ भरत नाही, आणि काही धरायच्या आधी दोनदा हात धुतो. आता ती पांढरी झाली आहे, जिने चढताना मलाही धाप लागते. आणि तिकडे कुठल्यातरी पिवळ्या पिंपात, शेफिनच्या हातमोज्यांच्या आणि त्या बिचाऱ्या चड्डीच्या शेजारी, माझी ती दुसरी मिशी पडली असेल. तेल लावलेली. काळीभोर, ऐन जवानीतली. मी गेल्यावरही तशीच.

शी.